ऑस्करचा अंदाज कसा बांधावा

ऑस्करचे अंदाज बहुतेकदा एकाच कारणाने फसतात. आपल्याला जो चित्रपट भावला, तोच जिंकणार असं आपण धरून चालतो. पण मत देणार असतात ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीचे सुमारे १०,००० सदस्य, आणि ते जवळजवळ सगळे चित्रपट व्यवसायातलेच असतात: नट, निर्माते, दिग्दर्शक, संकलक, ध्वनीचं काम करणारे. म्हणून कागद-पेन घेऊन बसलात की प्रत्येक विभागापुढे आधी दोनच गोष्टी लिहा: इथे मत कोण देतं, आणि मतं मोजतात कशी.

पायरी पहिली: नामांकन आणि निकाल वेगळे ठेवा

नामांकनं बहुतेक विभागांत त्या-त्या शाखेचेच लोक ठरवतात. संकलनाची नामांकनं संकलक देतात, अभिनयाची नट-नट्या. विजेता निवडताना मात्र सगळे सदस्य सगळ्या विभागांत मत देऊ शकतात. त्यामुळे वेशभूषा, कलादिग्दर्शन, ध्वनी या विभागांत बारकावे जाणणाऱ्यांपेक्षा इतरांचीच मतं जास्त असतात, आणि ज्याचं काम पडद्यावर ठळक दिसतं त्याचं पारडं जड होतं. वेशभूषेत जुन्या काळातल्या किंवा कल्पनेतल्या जगाच्या कथांना नेहमीच झुकतं माप मिळालं आहे. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह हा पुरस्कार मिळाला, तोही ‘गांधी’सारख्या काळपटासाठी, आणि त्या वर्षी ‘गांधी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह आठ ऑस्कर मिळाले. एखाद्या चित्रपटाची लाट असेल तर असे विभागही तिच्यात येतात, हे ध्यानात ठेवा.

पायरी दुसरी: सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बाकी विभागांत ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र २००९ च्या चित्रपटांपासून पसंतीक्रमाने मतदान होतं. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पहिल्या, दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात, तसंच थोडंफार हे आहे. सदस्य दहा चित्रपटांना क्रम लावतो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. एखादा चित्रपट निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालू राहतं.

म्हणजे काहींचा जीव की प्राण आणि काहींचा नावडता असलेला चित्रपट मागे पडू शकतो. सगळ्यांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. २०२२ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती, ‘कोडा’ला फक्त तीन. ‘कोडा’ने तिन्ही जिंकली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट. म्हणून नामांकनांची संख्या पाहून निर्णय घेऊ नका. ‘हा चित्रपट कोणाला खटकतोय?’ हा प्रश्न विचारा.

निर्मात्यांच्या संघटनेचा, म्हणजे पीजीएचा, पुरस्कारही पसंतीक्रमानेच ठरतो, त्यामुळे तो सगळ्यात उपयोगी खूण आहे. तरी तो अचूक नाही: २०१७ मध्ये पीजीए ‘ला ला लँड’ला मिळाला, ऑस्कर ‘मूनलाइट’ला.

पायरी तिसरी: आधीच्या पुरस्कारांना वजन द्या, पण सारखं नाही

दिग्दर्शनासाठी डीजीए, म्हणजे दिग्दर्शकांच्या संघटनेचा पुरस्कार पाहा. १९४८ पासून तो आणि ऑस्कर यांची फारकत मोजक्याच वेळा झाली आहे. २०२० मध्ये डीजीए सॅम मेंडिस यांना, ऑस्कर बाँग जून-हो यांना. ही त्यातली एक.

गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार असतात, अकादमीचे सदस्य नव्हेत. तो पुरस्कार हवा तयार करतो, मतं दाखवत नाही. सॅग (अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचा पुरस्कार) आणि बाफ्टा (ब्रिटनच्या चित्रपट अकादमीचा पुरस्कार) यांचे काही मतदार मात्र अकादमीतही असतात.

अभिनयाच्या विभागांत मी बाफ्टाला जास्त मान देते, कारण गेल्या काही वर्षांत अकादमीने अमेरिकेबाहेरचे पुष्कळ सदस्य घेतले आहेत. २०२१ मध्ये चॅडविक बोसमन यांना ग्लोब आणि सॅग दोन्ही मिळाले होते; बाफ्टा आणि नंतर ऑस्कर अँथनी हॉपकिन्स यांना. २०२५ मध्ये डेमी मूर यांचं तेच झालं, बाफ्टा आणि ऑस्कर मायकी मॅडिसन यांना. तारखाही तपासा. २०२५ मध्ये ऑस्करचं मतदान १८ फेब्रुवारीला संपलं आणि सॅगचा सोहळा २३ ला झाला. जो निकाल मतदारांनी मत देताना पाहिलाच नाही, त्याचा परिणाम मतावर कसा होईल?

पायरी चौथी: आंतरराष्ट्रीय चित्रपट

नामांकन मिळालेल्या पाचांतला एखादा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही असेल, तर डोळे झाकून तोच लिहा. दोन असतील तर थांबा. २०२५ मध्ये १३ नामांकनं मिळालेला ‘एमिलिया पेरेझ’ हरला आणि ब्राझीलचा ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ जिंकला.

पायरी पाचवी: लघुपट सोडू नका

मित्रमंडळींत पैज लागली की निकाल बहुतेकदा इथेच ठरतो, कारण तीन लघुपट विभागांत बाकीचे लोक डोळे मिटून खूण करतात. तुम्ही पंधराही लघुपट पाहायचा प्रयत्न करा. बरेच ऑनलाइन असतात. मतदारांपर्यंत सहज पोचलेल्या लघुपटाला आजवर फायदा होत आला आहे. पण २०२५ मध्ये अकादमीने नियम केला, की विभागातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही. मला हा नियम मनापासून पटतो, आणि माझ्या मते यामुळे नावापेक्षा कामाला मतं पडण्याची शक्यता वाढते. म्हणून लघुपटांत आता प्रसिद्ध नाव बाजूला ठेवा आणि पाचही ओळीने पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी जो आठवेल, त्यावर खूण करा.