पुणे–लेह–पुणे: तंबू, कुकर आणि चौघांचा हिशोब

आधी तारीख ठरवा. मुलांच्या सुट्ट्यांची अडचण नसेल तर मे-जूनचा नाद सोडा आणि गणपती झाले की निघा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात हिमाचलातल्या दरडी जरा थंडावतात, लडाखचं आकाश निवळलेलं असतं आणि गर्दीही ओसरते. त्या बदल्यात रात्री हाडं गोठतात, त्याची तयारी पुढे सांगतोच. मात्र तारीख फार पुढेही ढकलू नका, कारण मनाली–लेह रस्ता साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाखाली जातो. निघण्याच्या आदल्या आठवड्यापासून रस्ता चालू आहे की नाही हे रोज पाहायची सवय लावा.

आता पैसे. गाडी एक, माणसं चार, दिवस एकोणीस. जम्मू–श्रीनगर–कारगिल करत लेह, तिथून नुब्रा खोरं आणि पँगाँग तलाव, मग मनालीमार्गे घरी, असं मिळून सुमारे ५,७०० किलोमीटर होतात. गाडी एरवी कितीही ॲव्हरेज देवो, सामानाने भरून घाट चढताना ती तेवढं देत नाही, लिटरला १४ किलोमीटर धरा. म्हणजे ४१० लिटरच्या आसपास पेट्रोल, लिटरला शंभर रुपये धरले तर ४१,००० रुपये, डोई सव्वादहा हजार. यात काटकसरीला फार वाव नाही. सीमेजवळच्या तलासरीपर्यंत जेमतेम पुरेल एवढंच भरा आणि गुजरातेत शिरल्यावर, तिथे पेट्रोल स्वस्त म्हणून, टाकी फुल्ल करा, एवढीच काय ती चतुराई. टोलसाठी खासगी गाड्यांचा फास्टॅगचा वार्षिक पास काढा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा होता. राष्ट्रीय महामार्गांवर तो चालतो, आपल्या मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर चालत नाही, म्हणून टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा. शिवाय वीस हजार रुपये बिघाडासाठी बाजूला काढा आणि ते खर्चात मोजूच नका. लेह सोडलं की एटीएमच्या भरवशावर राहू नका. रोकड दोघांच्या खिशात विभागून ठेवा.

बचत खरी होते ती मुक्काम आणि जेवणात. इथे एक कटू सत्य: एकोणीस दिवसांच्या अठरा रात्रींपैकी तंबूत फार तर सहा निघतील. गुजरात-राजस्थानच्या सपाटीवर हायवेकडेला तंबू ठोकणं ना सुरक्षित, ना सुखाचं. तिथे नाथद्वाऱ्याच्या धर्मशाळा आहेत, पंजाबात गुरुद्वाऱ्यांच्या सराया आहेत. वाट थोडी वाकडी करून अमृतसरला मुक्काम केलात तर लंगरचं जेवणही होतं. तिथे डोकं झाका, रोटी दोन्ही हातांनी घ्या आणि जमलं तर तासभर भांडी घासा. काश्मीर खोऱ्यात आणि कारगिलला सरळ खोली घ्या. तंबू राखून ठेवा नुब्रासाठी आणि परतीच्या वाटेवर भागा नदीकाठच्या जिस्पासाठी. नुब्रात होमस्टेवाल्यांना विचारलं तर जर्दाळूच्या बागेत थोड्या पैशांत तंबू लावू देतात, संडास त्यांचा वापरता येतो. पँगाँगच्या अगदी काठाशी तंबू नकोच. तिथला वारा तंबू उपटतो आणि ती जागाही नाजूक आहे. कचरा पिशवीत भरून लेहपर्यंत परत आणायचा. पाणी जपून वापरा, लडाखमध्ये ते मुळातच कमी.

तंबू दुहेरी कापडाचा हवा, नाहीतर सकाळी आतून श्वासाचंच पाणी टपकतं. झोपण्याच्या पिशवीवर दोन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ बघून घ्या. ‘लिमिट’ म्हणजे कुडकुडत रात्र काढाल तो आकडा. पैसे कमी असतील तर पिशवीपेक्षा खालच्या मॅटवर जास्त घाला, कारण थंडी जमिनीतून चढते. तंबू विकत घ्यायची गरज नाही. पुण्यात ट्रेकचं सामान भाड्याने मिळतं, फक्त दुकानातच तो पूर्ण उभा करून बघा. आम्ही एकदा खुंट्यांची पिशवी न तपासता नेली आणि जिस्पात ती रिकामी निघाली. मग दोऱ्यांना नदीतले धोंडे बांधले. रात्रभर तंबू टिकला, झोप मात्र कुणालाच आली नाही.

कुकर न्या, तीन लिटरचा. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटते आणि तरी कचकच लागते. तूरडाळ घरीच ठेवा, मूगडाळ घ्या. सगळ्यात शहाणं धान्य म्हणजे पोहे, त्यांना शिजवावंच लागत नाही. दडपे पोहे, मेतकूट-भात, घरून फोडणीत भाजून नेलेला उपम्याचा रवा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भडंग, दुधाची पावडर, चहा. एवढ्यावर पहाडातले सात-आठ दिवस निघतात, बाकी दिवस ढाबे आहेतच. वेफर्सची पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी फुगतात, घाबरू नका. छोट्या शेगडीचा डबा नुसत्या ब्यूटेनचा असेल तर शून्याखाली गेल्यावर नीट पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला घ्या आणि रात्री तो पिशवीत पायाशी ठेवा. थंडी कितीही असो, शेगडी तंबूत किंवा गाडीत पेटवायची नाही, तिच्यातून निघणाऱ्या, धूर न दिसणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

एका बाबतीत कंजुषी करायची नाही, ती म्हणजे दिवस. जाताना श्रीनगरवरून जा म्हणतो ते त्यासाठीच. कारगिल २,६७६ मीटरवर आहे, शरीराला विरळ हवेची टप्प्याटप्प्याने सवय होते. मनालीकडून गेलात तर दुसऱ्याच रात्री वाटेतल्या सरचूला ४,२९० मीटरवर डोकं धरून बसाल. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं बसून राहायचं. ते वाया गेल्यासारखे वाटतात, पण त्यांच्यावरच पुढचे सगळे अवलंबून असतात. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल, विशेषतः डायमॉक्सबद्दल, घरच्या डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

गाडीचं सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी. नंतर दोन-तीनशे किलोमीटर फिरवा, म्हणजे गॅरेजवाल्याने सैल ठेवलेला नट इथेच कळेल. ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरीची टर्मिनलं, वायपर बघून घ्या. स्टेपनीत हवा आहे का हे हमखास राहतं. सोबत पंक्चरचं किट, हवेचा छोटा पंप, टोचनदोरी. उंचावर इंजिनाची ताकद घटते. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी रेटलीत तर क्लचप्लेट जळते, सरळ पहिला गिअर टाका. लेह सोडताना टाकी काठोकाठ भरा. मनालीच्या वाटेवर पुढचा भरवशाचा पंप जिस्पाच्याही पुढे तांदीला, साडेतीनशे किलोमीटरवर. गाडीला टाकी पुरते, कॅन लागतो तो बाइकवाल्यांना. लेह ते जिस्पा एका दिवसात होतं, पण पहाटे पाचला निघालात तरच. वाटेत टंगलांग ला ही खिंड आहे, ५,३२८ मीटर. फोटो काढा आणि पाच मिनिटांत गाडीत बसा.

कागदपत्रं मूळ घ्या: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. मोबाइलमधली चालतात, पण नेटवर्कच नसेल तर दाखवणार काय? बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बंद पडतं, म्हणून चौघांपैकी दोघांनी तरी महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचं. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. नुब्रा-पँगाँगसाठीचं शुल्क आणि परवान्याचे नियम बदलत असतात. जाण्याआधी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा आणि जी पावती मिळेल तिच्या चार-पाच प्रती काढा. परतीला मनालीजवळच्या अटल बोगद्यातून येणार असाल तर रोहतांग खिंडीचा परवाना लागत नाही.

निघायच्या आधीच्या शनिवारी पवना धरणाजवळ एक रात्र काढा. तंबू, शेगडी, कुकर, चौघंही, सगळं अगदी तसंच. आमच्या सरावात चाकू तीन निघाले आणि काडेपेटी एकही नाही. शेजारच्या तंबूतल्या पोरांकडून लायटर मागून आणला, तेव्हा कुठे खिचडी झाली.