पद्मिनीचे इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचे मूळ फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी या गाडीत आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याला, फक्त तीन मेन बेअरिंग, ही मांडणी कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत फारशी बदलली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक हौसेने सांभाळलेल्या आहेत, आणि त्यांचे इंजिन उघडायची वेळ आली की टॅक्सीच्या काळातला हिशोब बाजूला ठेवावा लागतो. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तरी धंदा बुडत असे, म्हणून बोअरला हात न लावता रिंगा आणि बेअरिंग बदलून गाडी परत रस्त्यावर सोडण्याचे ‘हाफ इंजिन’ काम तिथे शहाणपणाचे होते. पुढची पंधरा-वीस वर्षे डोळ्यांसमोर असतील तर मात्र हाफ इंजिन म्हणजे पैसे वाया घालवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन उतरवण्याआधी त्याची तब्येत लिहून ठेवावी. गरम इंजिनावर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. ज्या सिलिंडरचे कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर दोष रिंगा किंवा बोअरमध्ये असतो, आणि तो होता तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघावे. घाटातून उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळ्या धुराचा लोट आला तर बहुधा व्हॉल्व्ह गाईड झिजलेले असतात.

खोलताना कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि त्यांच्या टोप्यांवर क्रमांक आहेत का ते आधी तपासावे आणि नसतील तर ठोकून घ्यावेत. रॉड आणि त्याची टोपी जोडीनेच तासलेली असते, त्यामुळे एकाची टोपी दुसऱ्याला लावली की बेअरिंगचा गोलावा बिघडतो. मेन बेअरिंगच्या टोप्यांनाही हाच नियम लागू आहे. ऑइलचे चेंबर उतरवल्यावर तळाच्या गाळात बोट फिरवून ते उन्हात धरावे. राखाडी चमक बेअरिंगच्या पांढऱ्या धातूची असते. तांबूस चमक दिसली तर वरचा थर झिजून बेअरिंग आतल्या तांब्यापर्यंत पोहोचले आहे असे समजावे, आणि अशा वेळी क्रँक ग्राइंडिंगला जाणारच हे गृहीत धरावे.

यापुढचा टप्पा मोजमापाचा आहे, आणि कामाचे आयुष्य खरे तर इथेच ठरते. बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात, म्हणजे एका सिलिंडरला सहा वेळा डायल बोअर गेजने मोजावा. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगेच्या थांब्यापाशी असते, आणि तिथे नखाला लागणारी कड तयार झालेली असते. त्या खालच्या भागातला निमुळतेपणा ०.१ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर नव्या रिंगा घालून काही साधत नाही, कारण प्रत्येक फेरीला रिंग उघडते-मिटते आणि लवकरच तुटते किंवा ऑइल वर सोडू लागते. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजताना गोलावा आणि निमुळतेपणा दोन्ही नोंदवावेत. अनेक हाफ इंजिने सोसलेल्या ब्लॉकमध्ये एका सिलिंडरला एक ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा वाढवलेले माप) आणि शेजारच्याला दुसरा असेही सापडते. अशा वेळी चारही बोअर एकाच मापावर आणावेत, आणि धातू पुरेसा उरला नसेल तर लायनर (आतली नवी नळी) बसवून पुन्हा मूळ मापावर यावे.

लेथवाल्याकडे ब्लॉक देताना नवे पिस्टन सोबत द्यावेत. ‘अमुक ओव्हरसाइझला बोअर करा’ एवढे सांगून ब्लॉक सोडू नये. डब्यावरचे माप आणि पिस्टनचे खरे माप यांत फरक असू शकतो, म्हणून प्रत्येक पिस्टन मोजून, तो ज्या सिलिंडरमध्ये जाणार त्याचा क्रमांक त्यावर लिहून, निर्मात्याने सांगितलेली फट धरून तोच बोअर होन करायला, म्हणजे दगडाने बारीक घासून मापावर आणायला, सांगावे. होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला सुंदर, पण त्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. क्रँक ग्राइंड करताना जर्नलच्या कडेचा गोल कोपरा कायम ठेवावा असे बजावावे. तिथे टोकदार कोपरा राहिला की ताण एकवटतो, आणि तीनच आधारांवर फिरणारी क्रँक मुळातच थोडी लवत असल्यामुळे तडा तिथूनच सुरू होतो. जमत असेल तर क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचा सेट एकत्र बॅलन्स करून घ्यावा. हा खर्च मी कधीच टाळत नाही.

एक कागदी बाब इथेच सांगतो. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर पॉलिश किंवा फेसिंगच्या (पृष्ठभाग सपाट तासण्याच्या) नादात घासला जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओमध्ये हेलपाटे पडतात.

हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ते पट्टी आणि फिलर गेजने सर्व दिशांनी, कर्णरेषांवरही तपासावे, आणि फेसिंग करावेच लागले तर सपाट होण्यापुरतेच करावे. जास्त तासले तर कॉम्प्रेशन वाढते आणि पुशरॉडचा कोनही बदलतो. देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिसे हे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला उशीसारखे संरक्षण देत असे. त्यामुळे जुन्या सीट खचलेल्या असतील तर कडक धातूच्या नव्या सीट बसवून घेणे इष्ट. आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते व तडकते, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम याच वेळी बदलावा.

धुलाईकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या हातून झालेली चूकही याच ठिकाणची आहे. पहिल्या इंजिनाच्या वेळी मी ब्लॉक रॉकेलने धुऊन वाऱ्याने फुंकला आणि ऑइलच्या मुख्य वाटेच्या टोकाचे प्लग काढायचा कंटाळा केला. तीनशे किलोमीटरमध्येच ऑइलचा दाब उतरला. चेंबर काढून पाहिले तर नव्या कोऱ्या बेअरिंगवर वाळूच्या कणांनी ओढलेल्या बारीक रेषा होत्या. होनिंगच्या दगडाची पूड रॉकेलने सैल होते, पण धातूच्या छिद्रांतून निघत नाही. म्हणून सगळे प्लग काढावेत, वाटांमधून लांब ब्रश फिरवावा, आणि बोअर गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने ब्रशने घासून घ्यावेत. पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून बोअरमध्ये फिरवावे. फडके करडे निघाले की पुन्हा धुवावे. ते पांढरे निघाल्यावर क्षणाचाही उशीर न करता वाळवून ऑइल चोपडावे, कारण कोकण-मुंबईच्या दमट हवेत स्वच्छ बीड पाहता पाहता तांबूस पडते.

बांधणीच्या दिवशी घाई असता कामा नये. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये ठेवून, पिस्टनने सरळ ढकलून, टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. या बोअरला ती साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर असावी. ती कमी असेल तर गरम झाल्यावर टोके भिडून रिंग तुटते, म्हणून कानसने नेमकी करून घ्यावी. बेअरिंगची फट पाहायला प्लॅस्टिगेज हा मेणासारखा धागा वापरावा. टोपी टॉर्कनुसार आवळून पुन्हा काढली की चपटा झालेला धागा फटीचे माप सांगतो. ऑइल पंप उघडून दातांची आणि झाकणाची झीज न पाहता तोच परत बसवणे ही खोटी काटकसर आहे. टायमिंग चेन आणि तिची चाके जोडीने बदलावीत. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळावेत.

‘मुंबईत थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून फेकण्याची जुनी सवय आहे, ती सोडावी. थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, ते बोअरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, आणि वाफ चेंबरमध्ये साचून मळी होते. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असल्यामुळे साधे नळाचे पाणी न भरता कूलंट मिसळावे आणि रेडिएटर आधी साफ करून घ्यावा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे, आणि ऑइलचा दाब आल्याची खात्री झाल्यावरच प्लग लावावेत. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) किंवा त्यावर टेकणारे टॅपेट नवे असतील तर सुरू होताच इंजिन आयडलवर न सोडता साधारण दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटे चालवावे, म्हणजे कॅमवर ऑइलचे भरपूर शिंतोडे पडतात. सपाट टॅपेटच्या या इंजिनाला जस्ताचे प्रमाण चांगले असलेले २०डब्ल्यू-५० ऑइल मानवते. अगदी पातळ आधुनिक ऑइल घालू नये. पहिले पाचशे किलोमीटर एकाच वेगाने हायवे गाठू नये, पण गाडी फार जपूनही चालवू नये. मध्यम भार देणे आणि सोडणे आलटून पालटून केले तरच रिंगा बोअरवर बसतात. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदलावा, थंड इंजिनावर हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर पुन्हा आवळावेत आणि त्यानंतर टॅपेटची फट लावावी. काढलेले ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून त्यात काय चमकते आहे ते बघावे आणि त्या तारखेसह वहीत लिहावे.