रोज एक समास: घरच्या घरी दासबोध वाचन कसं सुरू करायचं

पारायण म्हटलं की आपल्या डोक्यात एकदम सप्ताह, सोवळं, प्रसादाची पंगत असं मोठंच काहीतरी येतं आणि मग ते पुढच्या वर्षावर ढकललं जातं. त्यापेक्षा दासबोध घ्या. 20 दशक, प्रत्येकात 10 समास, रोज एक वाचला तर 200 दिवसांत ग्रंथ पूर्ण. ओव्या 7751, म्हणजे एका समासाला सरासरी चाळीसही नाहीत, दहा-बारा मिनिटांचं काम आहे, काही समास मोठे आहेत तिथे थोडा जास्त वेळ धरा.

आधी जागा ठरवा. फ्लॅटमधल्या देवघरासमोर चार माणसं बसत नाहीत, तर हॉलमध्ये एकच तसबीर लावा, रामपंचायतन मिळालं तर उत्तम, जमिनीवर बसल्यावर सहज नजर जाईल इतक्या उंचीवर. बाहेरच्या बाजूची भिंत नको, पावसाळ्यात ती ओल धरते आणि चित्र मागून डागाळत जातं, आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि चित्राच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, टाकून घ्या, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगासकट निघतो.

घरात पणजीच्या काळची तसबीर असेल तर जास्तच जपा. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं अजून कितीतरी घरांत आहेत, काहींवर तर जरी-टिकल्या लावून देवीला खरी साडी नेसवलेली असते! अशी फ्रेम उघडून ओल्या फडक्याने पुसायच्या भानगडीत पडू नका. गंध लावायचं ते काचेवर. कॉलिन फडक्यावर मारा, थेट काचेवर मारलं की ओघळ फ्रेमच्या खाचेत उतरतो आणि चित्राची खालची कड जाते. ओला हार आधी निथळू द्या, समई आणि उदबत्ती तसबिरीच्या बरोबर खाली न ठेवता हातभर पुढे ठेवा, काजळी कमी धरते.

आता वाचन. वेळ एकच ठेवा, आमच्या मते दिवेलागण बरी, सकाळी डबे आणि ऑफिसच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं. पोथी मांडीवर नको, चौरंगावर किंवा लाकडी घडीच्या स्टँडवर. मोठ्याने वाचायचं, आणि एकट्यानेच रेटायचं नाही, पाच-पाच ओव्या झाल्या की पुढच्याकडे द्या. मुलं अडखळली तर मधेच टोकू नका, ओवी संपल्यावर तुम्ही एकदा नीट म्हणून दाखवा, पुरे.

अकराव्या दिवशी मूर्खलक्षण येतं, त्या दिवशी सगळ्यांना नक्की बसवा, प्रत्येक ओवीला सगळे एकमेकांकडे बघतात आणि आजोबा सोडून कुणीच सुटत नाही. एकतिसाव्यापासून नवविधा भक्ती. सातवा-आठवा दशक मुलांना जड जातो, तिथे त्यांना एकच ओवी वाचायला द्या.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन समास रेटू नका, खूण होती तिथून पुढे चला. मुलगा-सून बाहेरगावी असतील तर व्हिडिओ कॉलवर घ्या, फक्त दोन्हीकडे एकच आवृत्ती असू द्या, नाहीतर निम्मा वेळ पान शोधण्यातच जातो.