लाईन गेली तरी उधारीचा डेटा टिकला पाहिजे

राजेहो, कृषी केंद्राच्या उधारीसाठी जावात स्प्रिंग बूट (ॲप बनवायचा तयार सांगाडा) अन् एच-टू (छोटा डेटाबेस) घेऊन छोटं ॲप बनवत असाल तर एक गोष्ट आधीच पाहून घ्या. काही सेटिंग न देता एच-टू टाकलं की डेटाबेस नुसता रॅममध्ये बनते, म्हणजे लाईन गेली, कॉम्प्युटर बंद झाला की दिवसभर टाकलेली खता-बियाण्याची उधारी सफाचट, अन् आपल्याकडं लाईन केव्हा जाईल याचा काही नेम आहे का. म्हणून ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाईलमध्ये डेटासोर्सची यूआरएल (डेटाबेस कुठं ठेवायचा ते सांगणारी ओळ) लिहा, तिच्यात मेम म्हणजे रॅम नको, फाईल लिहा, अन् डेटाबेसच्या नावाआधी डॉट-स्लॅश (./) टाकाच, नाहीतर एच-टू एरर देते. हायबरनेटचं (जावातून टेबलं सांभाळणारी लायब्ररी) डीडीएल-ऑटो हे सेटिंग अपडेट ठेवा, क्रिएट ठेवलं तर दर स्टार्टला टेबलं पाडून नवी बनवते, मग फाईल असून काय कामाची.

मेवनला (लायब्ऱ्या उतरवून ॲप बिल्ड करणारं टूल) पहिल्यांदा नेट लागते, तालुक्याला गेले की एकदा पूर्ण बिल्ड करून घ्या, मग घरी मेवनच्या कमांडला मायनस ओ (-o) लावून ऑफलाईन चालते. बॅकअपला ॲप बंद करून एच-टूची डेटा असलेली एमव्ही डॉट डीबी (.mv.db) फाईल पेनड्राईव्हवर घ्या, चालू ॲपमध्ये कॉपी मारू नका.