या चुका टाळा: लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये मॅरेथॉन खरी कुठे बिघडते

मॅरेथॉनच्या अठराव्या किलोमीटरला मी एड स्टेशनच्या, म्हणजे वाटेतल्या खाण्या-पाण्याच्या थांब्याच्या, टेबलाला धरून उभी होते. पोटात पाणी डचमळत होतं, तरी तोंडाला कोरड पडली होती. जेलची, म्हणजे साखरेच्या दाट पाकाची, पुडी फाडली की नुसत्या वासाने ढवळून येत होतं. पाय दुखत नव्हते, ते उचलतच नव्हते. धावण्याचा सराव कमी पडला अशी तेव्हा माझी खात्रीच झाली आणि पुढचे दोन महिने मी धावण्याचे किलोमीटर वाढवत राहिले. मग एका संध्याकाळी सायकल-कंप्युटरमधली नोंद उघडून बसले, तेव्हा खरा प्रकार दिसला. सायकलच्या पहिल्या दीड तासात मी ठरवल्यापेक्षा बरीच जास्त ताकद लावली होती, आणि त्याच दीड तासात पोटात काहीही गेलं नव्हतं.

लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. बहुतेक हौशी खेळाडूंना यासाठी १० ते १७ तास लागतात. एवढ्या लांब शर्यतीत चूक होते तेव्हा काहीच जाणवत नाही, उलट फार छान वाटत असतं. ती अंगावर येते चार-पाच तासांनी, वेगळ्याच खेळात. त्यामुळे दुखणं एकीकडे आणि उपाय भलतीकडे असं होऊन बसतं. म्हणून इथे मी शेवटाकडून सुरुवातीकडे येणार आहे.

धावताना: पोट, डोकं आणि पाय

सगळ्यात आधी दोन लक्षणं वेगळी ओळखायला शिका, कारण त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पोट टम्म भरल्यासारखं वाटतंय, ढेकर येतायत, मळमळतंय, तर पोटात गेलेलं पुढे सरकत नाहीये. जोरात व्यायाम करताना, त्यात ऊन असेल तर आणखीच, रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं आणि आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. त्यात जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं की साखरेचं दाट मिश्रण तयार होतं आणि ते शोषलं जाण्याऐवजी आतड्यात आणखी पाणी ओढून घेतं. अशा वेळी "काहीतरी खाल्लंच पाहिजे" म्हणून पुढचं जेल ढकलणं ही चूक. वेग कमी करा, गरज पडली तर दहा-पंधरा मिनिटं सरळ चाला, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता, आणि तोवर साध्या पाण्याचे फक्त लहान घोट घ्या. पोट हलकं वाटू लागलं की थोडं थोडं खाणं पुन्हा सुरू करा. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं.

पोट रिकामं आहे, डोकं हलकं झालंय, उगाच रडू येतंय किंवा "हे सगळं कशासाठी" असे विचार घेरून आलेत, तर साखर संपली आहे. इथे थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही. एड स्टेशनवर कोला असतो तो यासाठीच. अर्धा कप घ्या, पण एकदा सुरू केलात की पुढच्या प्रत्येक स्टेशनवर घेत राहा, नाहीतर अर्ध्या तासात पुन्हा तीच गत होते. निराशेचे ते विचार मनाचा कमकुवतपणा नसतात. दोन कप कोल्यानंतर जग पुन्हा जागेवर आलेलं मी स्वतः अनुभवलंय.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. बोटं सुजलीत, घड्याळाचा पट्टा घट्ट वाटतोय, डोकं ठणकतंय, उलटी होतेय, बोलणं विस्कळीत होतंय, अशी लक्षणं असतील तर शरीरात पाणी जास्त झालेलं असू शकतं. घामाने जातं त्यापेक्षा जास्त पाणी तासन्‌तास पीत राहिलं की रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. यात माणसं दगावली आहेत. लक्षणं उष्माघातासारखी किंवा पाणी कमी पडल्यासारखी दिसतात, म्हणून भोवतालची मंडळी मायेने आणखी पाणी पाजतात. ते घेऊ नका. वैद्यकीय तंबूत जा. सोबत मीठाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे कितीही पाणी प्यायलेलं चालतं हा गैरसमज आहे. शर्यतीअखेर वजन थोडं उतरलेलं असणं स्वाभाविक, वाढलेलं असणं धोक्याचं. आणि शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अजिबात घेऊ नका. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात त्या भर घालतात आणि सोडियमचा हा घोटाळाही वाढवतात.

पोटरीत गोळे आले तर लगेच मिठाकडे बोट दाखवलं जातं, पण त्यात स्नायूंच्या थकव्याचा वाटा मोठा असतो. स्नायू हळूच ताणून धरला की गोळा सुटतो. पुन्हा त्याच वेगाने निघालात की परत येतो. तो वेग तुमच्या सरावाला झेपणारा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सायकल: चुकांचं माहेरघर

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण वरच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथेच सापडतं.

पाण्यातून बाहेर येता, दोन-तीन आठवडे सराव कमी केल्यामुळे पाय ताजे असतात, अंगात उत्साह सळसळत असतो आणि बाजूने लोक सुसाट जात असतात. नेमकं त्याच वेळी मागे राहायचं असतं. तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, म्हणजे सायकलपटू जिला एफटीपी म्हणतात, तिच्या साधारण ६५ ते ७५ टक्क्यांत हौशी खेळाडूने पूर्ण अंतराची सायकल मारावी. पहिल्यांदाच उतरत असाल तर ६५ च्या जवळ राहा. ही ताकद मोजणारं पॉवर मीटर नसेल तर पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, ही कसोटी. सुरुवातीचा पाऊण तास "हे फारच सोपं चाललंय" असं वाटलं तर वेग बरोबर आहे.

थोडा हिशोब करून बघा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर ताशी ३० ऐवजी ३३ किलोमीटरने जायचं तर वेग १० टक्क्यांनी वाढतो, पण ताकद जवळपास एक तृतीयांश जास्त लागते. १८० किलोमीटरमध्ये त्यातून वाचतात सुमारे ३३ मिनिटं. आता समजा त्यापायी पाय संपले आणि मॅरेथॉनचे शेवटचे २५ किलोमीटर किलोमीटरमागे ६ मिनिटांऐवजी ९ मिनिटांनी चालत काढावे लागले, तर ७५ मिनिटं गेली. सायकलवर कमावलेलं फेडून वर ४२ मिनिटांचं नुकसान.

चढावरची चूक याहून फसवी असते. सरासरी बघितली तर ती योग्यच दिसते, कारण उतारावर पॅडल थांबलेलं असतं. पण प्रत्येक चढावर उठून जोर लावला की स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भराभर जळते. चढावर हलका गिअर लावा, बसून राहा, इतरांना पुढे जाऊ द्या. चढ संपल्यावर लगेच आराम करण्याऐवजी माथ्यावरून वेग घेईपर्यंत तीच ताकद चालू ठेवा.

आता खाणं. स्नायू आणि यकृत मिळून कर्बोदकांचा साठा साधारण ५०० ग्रॅमचा, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरी. दिवसभराच्या शर्यतीला तो कुठे पुरणार? आतड्यातून ग्लुकोज शोषण्याचा मार्ग ताशी साधारण ६० ग्रॅमला भरून वाहू लागतो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्यामुळे दोन्ही मिळून घेतले तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण सरावात ३० ग्रॅम खाऊन शर्यतीच्या दिवशी ९० ग्रॅम घ्यायला गेलात तर पोट बंड करणारच. पोटालाही सराव लागतो. दोन महिने आधीपासून दर लांब राइडला ठरलेलं तेच खाणं, ठरलेल्याच वेळी घ्या. पोहून आल्यावर १५-२० मिनिटांत खायला सुरुवात करा आणि घड्याळात दर २० मिनिटांनी गजर लावा. भूक लागण्याची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो.

पाण्याचा अंदाज घरी काढता येतो. तासभर शर्यतीच्या वेगाने सायकल मारा, आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. उतरलेलं वजन अधिक मध्ये प्यायलेलं पाणी म्हणजे तासाभराचा घाम. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. उन्हात आणि ढगाळ हवेत वेगवेगळं मोजा, आकडे बरेच निराळे येतात.

एक चूक मला विशेष जिव्हारी लागते, कारण ती फार मेहनती माणसं करतात: सगळं खाणं दाट घोळ करून एकाच बाटलीत. पहिल्याच खड्ड्याला ती बाटली मागच्या होल्डरमधून उडाली की दिवसभराचं जेवण रस्त्यावर. दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर याच अंतरांची पहिली आयर्नमॅन शर्यत झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी मॅरेथॉनमध्ये संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॉलर त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. रसद तुटली की पुढे असलेलाही मागे पडतो, हे त्या पहिल्याच दिवशी दिसलं.

नियमांत सगळ्यात जास्त दंड होतो तो दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत राहिल्याबद्दल. अनेक लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर लागतं आणि एकदा आत शिरलात की २५ सेकंदांत ओव्हरटेक पूर्ण करावा लागतो. कुणी तुम्हाला ओलांडलं तर मागे सरकायची जबाबदारी तुमची. आकडे स्पर्धेप्रमाणे बदलतात, म्हणून नियमपुस्तिका वाचा आणि १२ मीटर म्हणजे किती ते एकदा रस्त्यावर मोजून डोळ्यांत बसवा. एड स्टेशनच्या हद्दीबाहेर रॅपर टाकणं हाही गुन्हाच.

पंक्चर काढता येणं आणि थकलेल्या हातांनी मागचं चाक काढून ट्यूब बदलता येणं यात फरक आहे. दुसरं किमान पाच वेळा करून बघा. चाकाचा रिम उंच असेल तर जादा ट्यूबचा व्हॉल्व तेवढा लांब आहे ना, हे आधी तपासा. सायकल खोक्यातून आणली असेल तर मागच्या गिअरचा हँगर (गिअर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकलाय का ते पाहायला आदल्या दिवशी सगळे गिअर लावून फिरवा. सायकल आदल्या दिवशीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाण्याच्या जागेत, ठेवायची असेल आणि ऊन कडक असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करा, सकाळी पुन्हा भरा.

ट्रान्झिशन

सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा बक्कल लागलेला हवा, चढणं-उतरणं आखलेल्या रेषेवरच, आणि ओल्या पायांत मोजे घालायला लागणारा अर्धा मिनिट वाया गेला असं समजू नका.

पाण्यात

पहिल्या २०० मीटरमध्ये दम कोंडतो. थंड पाणी, आवळलेला वेटसूट (पोहण्याचा रबरी पोशाख), धक्के आणि भीती, सगळं एकदम येतं. तलावात तासन्‌तास पोहणाऱ्यांचंही असं होतं. उताणे व्हा, श्वास लांब सोडा, पन्नासपर्यंत मोजा आणि सावकाश निघा. बचाव-कयाकला धरून थांबलात तरी, ती पुढे ओढून नेत नाही तोवर, सहसा बाद होत नाही. आपला वेग ओळखून कडेला किंवा मागे उभं राहिलात तर हा प्रसंग बहुधा येतच नाही. मात्र आराम करूनही धाप वाढत असेल, खोकला येत असेल, थुंकीत फेस किंवा गुलाबी छटा दिसत असेल तर फुफ्फुसात पाणी साचत असू शकतं. हात वर करून मदत बोलवा आणि तिथेच थांबा. त्या दिवशी शर्यत नाही.

बाकी पाण्यातला मोठा तोटा सरळ रेषेचा. दर सहा ते दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते फुगे, शोधा. पुढच्याच्या पायांवर विसंबलात आणि तो भरकटला तर तुम्हीही भरकटता. वेटसूट बऱ्याच स्पर्धांत पाणी २४.५ अंश सेल्सियसपर्यंत असेल तरच पूर्ण मुभेने चालतो, तेव्हा त्याशिवाय ३.८ किलोमीटर पोहण्याचीही तयारी ठेवा.

त्याआधीचे महिने

सरावातली माझी मोठी तक्रार एकच. हौशी माणसाकडे वेळ कमी असतो, म्हणून तो प्रत्येक सराव मध्यम-जोराचा करतो. सोपा दिवस पुरेसा सोपा नसतो आणि त्यामुळे अवघड दिवशी जोर उरत नाही. बहुतेक तास गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने घालवा. लांब राइडनंतर लगेच वीस-तीस मिनिटं धावण्याचा ब्रिक सराव करा, म्हणजे जड पायांची ओळख होते. एरोबारवर (हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांवर) वाकून सलग काही तास बसण्याची सवयही याच राइडमध्ये लावायची. मान आणि कंबर तिथे तक्रार करू लागली तर सायकलचं फिटिंग बदलायला अजून वेळ असतो, शर्यतीत नसतो.

छातीत दुखणं, व्यायामात चक्कर येणं किंवा घरात कमी वयात हृदयविकार असं काही असेल तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. आणि तापाने किंवा कामाने बुडालेला आठवडा पुढच्या आठवड्यात कोंबू नका. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशीचा जो सराव वेळापत्रकात असेल, तो अर्धा करून तिथून पुढे चालू करा.