पार्किंगचं चलन फुगलंय? भरण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात महाद्वार रोडला गाडी लावली, पाचशेचा दंड धरून चाललात आणि मोबाइलवर दीड हजार दिसले, की लगेच ‘लेट फी लागली’ म्हणू नका. पार्किंगचा दंड ज्याखाली लागतो, त्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये दिवसागणिक वाढणारं विलंब शुल्क नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून या कलमाखाली पहिल्या वेळी ५०० आणि नंतरच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये तडजोड शुल्क (खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम) आहे. म्हणजे रक्कम वाढली ती बहुधा ‘दुसरा गुन्हा’ धरल्यामुळे, टोइंगमुळे किंवा जुनी थकीत चलनं एकत्र दिसल्यामुळे. तक्रारीत नुसतं ‘लेट फी रद्द करा’ लिहिलंत, तर ती तिथंच संपते.

महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. प्रत्येक चलन वेगळं उघडा. दीड हजार लावले असतील, तर आधीचं चलन कुठलं, कोणत्या तारखेचं, ते शोधा. जुनी गाडी घेतली असेल तर इथंच खरी गोम असते: आधीच्या मालकाचं चलन मोजून तुम्हाला ‘पुन्हा गुन्हा’ लागलेला असू शकतो. आरसीवरची नावबदलाची तारीख त्या चलनाच्या तारखेशी ताडून पाहा. फरक असेल तर दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडून ॲपमधल्या तक्रार विभागात लिहा. फोटोही मोठा करून बघा. नंबरातला ३ की ८, गाडीचा रंग, नो-पार्किंगचा फलक, वेळ. सम-विषम तारखांच्या रस्त्यावर तर चलनाची तारीखच पुरावा असते.

आधी पैसे भरून मग भांडायला जाणं सगळ्यात महागात पडतं. तडजोड शुल्क भरलं की प्रकरण मिटलं असं धरलं जातं, मग परतावा मिळवणं फार कठीण.

लोकअदालतीची नोटीस आली तर टाळू नका. मात्र तिथं तडजोड होते, गुन्हाच मान्य नसेल तर नियमित न्यायालयात बाजू मांडा. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे. सीपीआर रुग्णालयासमोरच्या न्यायालयाच्या जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भरतं, तिथं हेलपाटा घालू नका. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला साधारण सहा महिन्यांची मुदत असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). चलन जुनं असेल तर हा मुद्दा लेखी मांडा. पण न्यायालय कारण पाहून उशीर माफ करू शकतं, आणि मुदत उलटली म्हणून थकबाकी आपोआप पुसलीही जात नाही.

‘आजच भरा, नाहीतर दुप्पट’ असा मेसेज आणि सोबत एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, तर ती उघडू नका. चलन एपीकेमधून येत नाही.