जुन्या लुगड्याची वाकळ: काय उसवायचं, काय राहू द्यायचं

वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला नवं कापड विकत आणणार असाल तर कशाला त्रास घेता, दुकानात तयार रजई मिळते. घरात जे जुनं सुती आहे तेवढ्यातच भागवायचं. लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे, काहीही चालतं. नायलॉन-पॉलिस्टर मात्र नको. ते घाम टिपत नाही आणि थरांत सरकत राहतं.

नऊवार लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा. पन्हा आहे तेवढाच ठेवायचा, तुकडे एकावर एक घालायचे, एका माणसाची वाकळ झाली. थंडीसाठी हवी असेल तर मधे आणखी दोन-तीन थर घाला. विरलेलं, डाग पडलेलं सगळं मधेच जाऊ दे, तिथं कोण बघायला येतंय?

पण कात्री लावायच्या आधी विचारा. सासूबाईंचं हिरवं इरकल लुगडं मी ट्रंकेतून काढलं तेव्हा आधी नणंदेला फोन केला. म्हटलं, “वन्सं, आईंचं इरकल वाकळेत घालू का? का तुम्हाला ठेवायचंय?” जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “घाल. पण पदर वर दिसू दे.” तो वरच घेतला. फाडल्यावर विचारणं म्हणजे नुसतं कळवणं झालं, आणि त्याचं उट्टं मग प्रत्येक लग्नकार्यात निघतं.

कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, जे जड असेल ते ठेवा. मधून कडेकडे तळहात फिरवत सुरकुत्या काढा. मग हात-हात अंतरावर कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर खालचा थर हमखास गोळा होतो.

सुई जाड घ्या, दाभण नको. दोरा सुती, दीड हाताचा. त्याहून लांब घेतला की गुंततो. धावदोरा कडेनं सुरू करून चौफेर आत आत न्यायचा, दोन ओळींत दोन बोटं जागा सोडायची. काहीजणी सरळ उभ्या ओळी घालतात, तेही चांगलं. गाठ थरांच्या आत दडवायची.

वाकळ एकटीनं होते, पण दोघी-तिघी असल्या की लवकर सरते. बोलणं तर होणारच. शेजारणीची ओळ वाकडी चालली असेल तर तिचा दोरा संपेपर्यंत थांबा. मधेच टोकलं की ती पुढचे टाके भीत भीत घालते, आणि भ्यालेल्या हातानं दोरा जास्त ओढला जातो. दोरा संपला की म्हणा, “द्या, मी ओवते,” आणि पुढची ओळ खडूनं आखून द्या. बास. आणि जी बाई हजर नाही तिच्याविषयी तेवढंच बोला, जेवढं ती आत्ता दारात येऊन उभी राहिली तरी पुढं चालू ठेवता येईल. माझ्या मोठ्या जाऊबाई गप्पा तिकडं वळल्या की “चहा टाकू का?” म्हणून उठायच्या. कोणाला लागतही नव्हतं आणि विषय बदलायचा.

आता उसवायचं कधी? ओळ तिरकी गेली, टाका लहान-मोठा झाला, ठिगळाचा रंग जुळला नाही, तर हात लावू नका. जुनं कापड उसवताना भोक पडतं, मग त्यावर आणखी ठिगळ. पण दोरा ताणला जाऊन चुणी पडली असेल तर ती मात्र सोडवायलाच हवी, कारण ती रात्रभर पाठीला टोचते. डोळे मिटून वाकळेवर आडवं व्हा. पाठीला कळलं तर उसवा, नाहीतर उठून पुढची ओळ घाला. आमच्याकडं एका कोपऱ्यात तांबडं ठिगळ आहे, पाहुणे विचारतात. नातीला अंगावर घ्यायला तीच वाकळ लागते.

इरकलीचे काठ जाड असतात, ते मधे घेऊ नका. कापून कडेला गोट म्हणून लावा, कड जास्त टिकते. धुताना पिळायचं नाही; ओली वाकळ एकटीला उचलतही नाही. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं निघतात तेव्हाच हीही काढा, दोघींनी दोन टोकं धरून निथळा आणि दगडावर उन्हात पसरा.